डावीकडचं तिसरं दार

मत्तन्या पहाटे गेला. ऊन चढेपर्यंत छावणीत एकच प्रश्न उरला होता: त्याला पुरायचं कुठे?

खड्डा तयारच होता. पठारावर छावणीची माणसं जिथे रांगेने निजली होती, तिथे एक खड्डा नेहमी आगाऊ खणून ठेवलेला असे. जमीन चिवट, उन्हाने भाजून दगड झालेली. माणूस गेल्यावर खणायला घेतलं तर दिवस मावळायच्या आत पुरणं व्हायचं नाही. म्हणून पुढच्या माणसाची जागा आधीच करून ठेवायची. पुढचा कोण, हे कोणी बोलून दाखवत नसे. आता तो मत्तन्या होता, आणि मत्तन्या पंगतीबाहेर टाकलेला होता.

छावणीच्या हद्दीवर चुन्याने पांढरे केलेले धोंडे ओळीने मांडलेले होते. त्या धोंड्यांच्या बाहेर, कड्याच्या पायाशी एक कपार होती. मत्तन्याने मागचा उन्हाळा आणि हा हिवाळा तिथेच काढला होता. शफीरा, त्याची मुलगी, सकाळपासून त्याच्या उशाशी बसून होती. तिने त्याला धुतलं, तागाच्या कापडात गुंडाळलं, पायांशी गाठ मारली. प्रेताला हात लागल्यामुळे आता सात दिवस तिलाही धोंडे ओलांडून आत जाता येणार नव्हतं. जायची घाईही नव्हती. आत तिचं काम होतं ते खजुराच्या घाण्यावर, आणि काकवी तिच्यावाचून आटली असती.

कबरी खणणारे दोघे भाऊ थोड्या अंतरावर सावलीत बसले होते. थोरल्याने शेवटी तोंड उघडलं.

"बाई, आमचं काही नाही. रांगेत म्हणालात तर रांगेत उतरवू, घळीत म्हणालात तर घळीत. पण संध्याकाळी शब्बाथचा विसावा लागायच्या आत सांगा. एकदा तो लागला की आम्ही दोरालाही हात लावणार नाही."

"मला काय विचारता?" शफीरा म्हणाली. "कारभाऱ्यांना विचारा."

"त्यांना विचारलं. ते म्हणाले, बसा."

"मग बसा."

घळीत परकी माणसं पुरत. मीठ गोळा करायला येऊन तापाने गेलेली, वाट चुकून तहानेने मेलेली. तिथे डोकं कुठे, पाय कुठे, हे कोणी बघत नसे. खडकात जशी जागा मिळेल तसं घालायचं आणि वर धोंडे रचायचे. रांगेत मात्र प्रत्येकाचं डोकं दक्षिणेला आणि पाय उत्तरेला. मेलेले पुन्हा उठण्याच्या दिवशी माणूस उठून बसेल तेव्हा त्याचं तोंड आपोआप उत्तरेकडे असेल, आणि उत्तरेला देवाचा तो पर्वत आहे, त्याची ती बाग आहे. हे शफीरा लहानपणापासून ऐकत आली होती. तिचा स्वतःचा त्यावर किती विश्वास होता, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. अब्बाचा होता. चार दिवसांमागे खोकल्याची उबळ ओसरल्यावर त्याने तिला विचारलं होतं, "रांगेत घालतील ना गं मला?" तिने "घालतील" म्हणून सांगितलं होतं. ते तिच्या हातात नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

*

दुपारच्या आधी इम्मा मारा धोंड्यांपर्यंत आली. छावणीतल्या म्हाताऱ्या बायकांना सगळे इम्मा म्हणत, आई या अर्थाने. मारा त्यांतली सगळ्यांत म्हातारी. पाण्याचा घडा तिने धोंड्याच्या टोकावर ठेवला आणि काठीने तो पलीकडे ढकलला.

"घे. आणि चेहऱ्यावर पाणी मार जरा. दहा माणसं येतायत तुला विचारायला, आणि तू अशी दिसतेयस, जशी काही तूच मेलीस."

"काय विचारणार?"

"काय म्हणजे? तुझा बाप शेवटी काय बोलला ते. तिथे दुसरं कोण होतं? बकऱ्या?" इम्मा धोंड्यापाशी उकिडवी बसली. आवाज खाली आणला. "ऐक पोरी. 'चुकलो' म्हणाला, एवढंच सांग. एक शब्द. पश्चात्ताप झालेला माणूस वर्ष भरायच्या आत गेला तर त्याला आत धरतात. माझ्या दिराला धरला होता, आणि तो तर चोर होता."

"तसं ते म्हणाले नाहीत."

"मग काय म्हणाला?"

"घरचा रस्ता सांगत होते."

"कुठल्या घरचा? कपारीचा?"

"यरुशलेमच्या. त्यांच्या आईच्या घरचा."

इम्माने पदर तोंडावर घेतला. मग म्हणाली, "हे तर तू अजिबात सांगू नकोस."

"शपथ घालतील."

"घालू देत. मी जन्मभर कुरकुर केली, माझं काय झालं? बापमाणसांविरुद्ध कुरकुर केली तर कायमचं हाकलतात. आयांविरुद्ध केली तर दहा दिवस. का, तर म्हणे आयांचं तेवढं वजन नाही. बरं आहे की! वजन नाही तर नाही. खोटं बोललीस तर तुझ्या खोट्याचंही वजन नसेल."

शफीराला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदा. मग ते गेलं.

"खोटं नाही बोलायचं मला, इम्मा."

"बापावर गेलीस," इम्मा उठत म्हणाली. "त्यालाही गप्प बसवत नसे."

*

मत्तन्याला गप्प बसवलं नव्हतं, हे खरंच होतं.

छावणीत जागांची नावं जशीच्या तशी घेत नसत. नबींच्या लिखाणात एखाद्या गावाचं नाव आलं की वाचणारा थांबे, आणि अर्थ लावणारा सांगे की हे गाव म्हणजे ते गाव नव्हे. लेबनॉन म्हणजे आपली सभा. एफ्राइमाचं घराणं म्हणजे यरुशलेमातले गोडबोले शिक्षक, जे लोकांना सोपे नियम सांगतात आणि वाममार्गाला लावतात. मनश्शेचं घराणं म्हणजे तिथले श्रीमंत पुरोहित आणि सरदार. यहूदाचं घराणं म्हणजे आपण. आणि ज्या दमास्कसला खरे लोक निघून गेले, ते दमास्कस म्हणजे हा खारट वाळवंटातला मुक्काम, हा झरा, हे खजूर, ही धोंड्यांची ओळ. छावणीतली पोरं खेळताना "मी दमास्कसचा राजा" म्हणत आणि शेणाच्या ढिगावर चढत.

मत्तन्याने हे सगळं वीस वर्षं ऐकलं, स्वतः वाचलं आणि मुलीलाही वाचायला शिकवलं. मग गेल्या वसंतात उंटांचा एक तांडा झऱ्यावर पाणी भरायला थांबला. तांड्यातला एक मसाल्याचा व्यापारी खऱ्या दमास्कसचा होता. मत्तन्या त्याच्यापाशी बसून राहिला. तिथे काय पिकतं, पाऊस कधी पडतो, नदी घरांच्या किती जवळून वाहते, सगळं त्याने विचारलं. पुढच्या वाचनाला दमास्कसचं नाव आलं, तेव्हा अर्थ लावणारा काही बोलायच्या आत मत्तन्या म्हणाला:

"दमास्कसला आलुबुखार पिकतात. आपल्याकडे पिकत नाहीत. हे दमास्कस नाही."

काही जण हसले. तो तिथेच थांबला असता तर गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण तो थांबला नाही.

"तिथे माणसं राहतात," तो म्हणाला. "ती सकाळी उठून दारं उघडतात. आपण त्यांचं गाव उचलून आणलं आणि त्यांना विचारलंसुद्धा नाही. यरुशलेमचंही तसंच केलं. यरुशलेम म्हणजे यरुशलेम. मला तिथली गल्ली आठवते. ती कशाचीही खूण नाही. ती गल्ली आहे."

त्याला एक वर्ष पंगतीबाहेर ठेवलं. पंगत म्हणजे छावणीचा प्राणच. अंघोळ करून, पांढरी वस्त्रं नेसून, पुरोहिताने आशीर्वाद दिलेली भाकरी सगळ्यांनी एका वेळी खायची. पंगतीबाहेरच्या माणसाने त्या भाकरीकडे बघायचंही नाही. निर्णय सांगितला तो कारभारी शमायाने. सांगताना त्याने मत्तन्याकडे बघितलं नाही, एवढं शफीराच्या लक्षात राहिलं होतं. शमाया कठोर म्हणून ओळखला जात नसे, पण नियमाच्या बाहेर गेलेलाही त्याला कोणी पाहिलं नव्हतं.

मत्तन्याने शिक्षा निमूट भोगली. चूक कबूल केली असती तर शिक्षा कमी झाली असती. ते त्याने केलं नाही. पळूनही गेला नाही. कपारीतून पंगतीला बोलावणारा शमायाचा पुकारा आणि धोंड्यांपलीकडे पंगत बसलेली ऐकू येई, तेव्हा आशीर्वादाचे शब्द तो इकडे स्वतःशी पुटपुटे. आणि शफीरा घरची साधी भाकरी घेऊन आली की तिला गल्लीच्या गोष्टी सांगे. त्या त्याने आधी कधी सांगितल्या नव्हत्या. छावणीत आल्यावर मागच्या घराचं नाव काढायचं नसतं, अशी रीतच होती. इथे शेजारी बसून जेवणाऱ्याचं मूळ गाव कुठलं, हेही माणसाला माहीत नसायचं.

"आमचं दार पावसात फुगायचं," एकदा त्याने सांगितलं. "बाहेरून दोरी होती. ती ओढली तर दोरीच हातात यायची, दार तसंच. ढकलावं लागायचं. गल्लीत एक पोरगा होता, माझ्याच वयाचा. दर वेळी ओढायचा. आई आतून ओरडायची, 'ढकल रे गाढवा, ढकल!' मग आम्हा दोघांना गरम भाकरी द्यायची. दोरी मात्र तिने त्यालाच बांधायला लावली, दर वेळी."

"तो कुठे असतो आता?"

"असेल कुठेतरी," मत्तन्या म्हणाला आणि खोकायला लागला.

*

दहा माणसं आली आणि धोंड्यांच्या आतल्या बाजूला उभी राहिली. शफीरा बाहेर. मधे प्रेतापासून पुरेसं अंतर राहील असं बघून पुरोहित इथामारने सगळ्यांना आणखी मागे सरकवलं. तो तरुण होता, अहरोनाच्या वंशातला, अतिशय हुशार. त्याला एखाद्या वचनाचा अर्थ लावताना ऐकणं हा छावणीतला एक आनंद होता. मत्तन्याच्या बोलण्याने सगळ्यांत जास्त दुखावला गेला होता तो इथामारच.

अंतर असल्यामुळे सगळ्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं. एरवी हळू बोलावी अशी गोष्ट शेतातल्या हाळीसारखी ऐकू येत होती.

शमायाने शपथ सांगितली, देवाशी केलेला करार मोडणाऱ्याला लागणाऱ्या शापांची. शफीराने ती म्हटली.

"मत्तन्याच्या शेवटच्या वेळी तू होतीस?"

"होते."

"दुसरं कोणी?"

"नाही."

"तो काय बोलला?"

शफीराने पदर नीट केला. बापाचे शब्द तिने सकाळपासून मनात इतक्या वेळा म्हटले होते की ते आता गुळगुळीत झाले होते.

"म्हणाले, चढण संपली की डावीकडे वळ. दोन दारं सोड. तिसरं आपलं. दार लावलेलं नसतं. ढकल नुसतं."

वाऱ्याने समुद्राकडून मिठाचा वास आला.

"एवढंच?"

"एवढंच. त्यानंतर श्वास होता, शब्द नव्हते."

"कुठली चढण?" इथामारने विचारलं. "कुठलं दार? 'चुकलो' नाही, 'क्षमा करा' नाही. माणूस मरताना दारं मोजतो? बाई, सांग, कुठल्या—"

"थांब," शमाया म्हणाला.

तो शफीराकडे बघत होता.

"ढकल म्हणाला?"

"हो."

"ओढ नाही?"

"नाही. ढकल, नुसतं ढकल, असंच म्हणाले."

"त्याने काय फरक पडतो, कारभारी?" इथामार म्हणाला.

"पडतो," शमाया म्हणाला.

त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. फक्त त्याचा उजवा हात मुठीत मिटला आणि उघडला, हातात दोरीचा तुकडा उरल्यासारखा. शफीराने ते पाहिलं. गल्लीतला तो पोरगा कोण होता, हे तिला त्या क्षणी कळलं. आणि कपारीतून अब्बा इतके महिने ज्याच्या आवाजातला पंगतीचा पुकारा ऐकत होता, तो कोणाचा आवाज होता, हेही.

"बाईला अर्थ विचारू नकोस, इथामार," शमाया म्हणाला. आवाज रोजचाच होता, हिशोबी. "साक्षीदाराने शब्द सांगायचे. अर्थ लावायचा आपण. आज साक्षीदाराला अर्थ विचारलास तर उद्या मसाल्याचे व्यापारी येऊन आपल्याला दमास्कस समजावतील."

दोघे-तिघे हसले. इथामारला टोमणा बसला. तो त्याचाच मुद्दा होता.

"मग लावू या अर्थ," तो म्हणाला. "चढण."

"चढण म्हणजे सध्याची दुष्टतेची वर्षं," एक म्हातारा म्हणाला. हे सोपं होतं. "ती संपतील."

"चढण संपली, की डावीकडे," शमाया म्हणाला. "आपण सकाळी प्रार्थनेला उभे राहतो तेव्हा तोंड कुठे असतं?"

"उगवतीकडे."

"डावा हात कुठे येतो?"

इथामारने नकळत पूर्वेकडे तोंड केलं. बाकीच्यांनीही केलं. दहा माणसं पाठ वळवून समुद्राकडे बघत उभी राहिली आणि प्रत्येकाने आपापल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"उत्तर," इथामार म्हणाला.

"उत्तर. दुष्टतेची वर्षं संपली की उत्तरेकडे वळ. रांगेतली माणसं कुठे बघतात?"

"पण दारं..." इथामार थांबला. शफीराला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती. पण त्या पाठीतही काहीतरी जागं झाल्यासारखं तिला वाटलं. एखादं वचन त्याच्या पकडीत येत असलं की तो असाच किंचित पुढे झुके. "दोन दारं सोड. दोन घरं. एफ्राइमाचं घर सोड. मनश्शेचं घर सोड." तो वळला. "तिसरं आपलं. यहूदाचं घर. आपलं घर."

"आणि दार लावलेलं नाही," म्हातारा म्हणाला.

"करार उघडा आहे," इथामार म्हणाला. "जो परत येईल त्याला. पण त्याने स्वतः यायचं, म्हणून ढकल. बरोबर विचारलंत, कारभारी. ओढ म्हणाला असता तर अर्थ उलटा झाला असता. ओढणारा दार स्वतःकडे घेतो. ढकलणारा आत जातो." त्याचे डोळे चमकत होते. ज्या माणसावर तो वर्षभर रागावला होता त्याच्याबद्दल त्याला आता जवळपास प्रेम वाटत होतं. "किती नेमकं बोलला!"

शफीरा उभी होती. तिला आजीच्या घराचं दार दिसत होतं. ते तिने कधी पाहिलेलं नव्हतं. फुगलेलं लाकूड, तुटकी दोरी, आतून येणारा भाकरीचा वास. ते दार आता तिच्यासमोर एका घराण्याचं दार झालं होतं, आणि ते तसंच राहणार होतं. उद्यापासून पोरांना ते शिकवलं जाईल. ती गल्ली कशाचीही खूण नाही, असं जो म्हणाला होता, त्याचीच गल्ली.

एक शब्द बोलली असती तर दार परत मिळालं असतं. आणि अब्बा घळीत गेला असता.

"बाई," इथामारने हाक मारली, आणि या वेळी त्याच्या आवाजात धार नव्हती. "तुझ्या बापाला हेच म्हणायचं होतं ना?"

शमायाने मान उचलली नाही.

"मी शब्द सांगितले," शफीरा म्हणाली. "ते त्यांचेच आहेत. अर्थ लावणं माझं काम नाही, हे तुम्हीच आत्ता ठरवलंत."

"बरोबर आहे तिचं," म्हातारा म्हणाला.

शमाया खोदणाऱ्या भावांकडे वळला. "रांगेत," तो म्हणाला.

*

सूर्य कड्यामागे गेला की इथे ऊन जातं, पण उजेड बराच वेळ राहतो. त्या उजेडात त्यांनी मत्तन्याला नेलं. खड्डा माणसाच्या उंचीपेक्षा खोल होता, आणि तळाशी एका बाजूला देह सरकवायला कोनाडा कोरलेला होता. धाकटा भाऊ आधी उतरला, मग शफीरा. भिंतीत पाय ठेवायला खाचा होत्या. थोरल्याने वरून दोर सोडला.

खाली गार होतं. डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला. धाकट्याने दोनदा तपासलं. मग तो विटा लावायला वळला.

"थांब जरा," शफीरा म्हणाली.

तिने पदरात गुंडाळून आणलेला दगड काढला. कपारीत अब्बा तोच उशाला घेत असे; चपटा, मधे किंचित खोलगट. मान केव्हाच ताठली होती, म्हणून तिने त्याला उजव्या खांद्याखाली हात घालून हळूच उचललं आणि दगड तिथे सरकवला. देह डाव्या अंगाला कलला. कापडाखालचा चेहरा आता खड्ड्याच्या तोंडाकडे बघत नव्हता. तो पश्चिमेला होता, कड्याच्या दिशेने, आणि कडा चढून वर गेलं की दिवसभराच्या वाटेवर यरुशलेम होतं.

"असं तिरकं नाही घालत कोणाला," धाकटा म्हणाला.

"डोकं दक्षिणेला आहे?"

"आहे."

"पाय उत्तरेला?"

"आहेत, पण—"

"मग काय राहिलं?"

धाकट्याने डोकं खाजवलं. वर बघून त्याने भावाला हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

खड्ड्याच्या काठावर शमाया उभा होता. तो धोंड्यांपलीकडे उभा राहील, सगळे तिथेच उभे होते, अशी शफीराची समजूत होती. उघड्या कबरीवर वाकलेला माणूस प्रेताला शिवल्यासारखाच; त्याला सात दिवस बाहेर राहावं लागतं. लांबून इथामारचा आवाज आला, घाबरलेला.

"कारभारी! अहो, शब्बाथ लागतोय! पंगतीचा पुकारा कोण देईल? सात दिवस बाहेर काढाल!"

"काढीन," शमाया मागे न बघता म्हणाला. "कपार रिकामीच झालीय."

तो खाली बघत होता. डोळे अंधाराला सरावायला त्याला वेळ लागला. मग त्याला दगड दिसला, कललेला खांदा दिसला, आणि तो खांदा कुठे वळलाय तेही दिसलं. त्याने स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग कड्याकडे. शफीरा वाट बघत होती. कोनाड्यात अजून एकही वीट लागली नव्हती. त्याने सांगितलं असतं तर तिला दगड काढावा लागला असता.

"पक्का बसलाय?" त्याने विचारलं.

"हो."

"हलणार नाही ना?"

"ढकलून बघितला," शफीरा म्हणाली.

शमायाने मान हलवली. "लावा विटा," तो धाकट्याला म्हणाला.

विटा लागल्या, खड्डा भरला, वर धोंड्यांची लांबट रास झाली. भाऊ घाईघाईने दोर गुंडाळून आपल्या झोपडीकडे गेले. छावणीतून शब्बाथचा कर्णा वाजला, आणि पंगतीची माणसं आत निघून गेली. आज पुकारा दुसऱ्या कोणीतरी दिला. त्याचा आवाज तसा लागत नव्हता.

धोंड्यांबाहेर दोघंच उरली होती. शमाया कपारीच्या तोंडाशी बसला, थोडा अवघडून, नवीन घरात पाहुणा बसावा तसा. शफीरा तिच्या घड्यापाशी. आत आशीर्वाद सुरू झाला तेव्हा दोघांचेही ओठ हलले.

"त्याची आई," शमाया म्हणाला आणि थांबला. नियमाप्रमाणे तो शब्दही काढायचा नव्हता. "तिच्या भाकरीला वरून तीळ असायचे. त्याने सांगितलं होतं का तुला?"

"नाही," शफीरा म्हणाली. "सांगा."